बाईंचा माग

बाई माझ्याशी पहिला शब्द बोलल्या, त्याच्या आधी त्यांनी माझा स्वेटर धरला होता.

लिफ्टमध्ये. सकाळचे आठ. मी टोकियोतल्या ओजिमाच्या आमच्या सरकारी वसाहतीतल्या नवव्या मजल्यावरून खाली निघाले होते. तोयोसूच्या एका कंपनीत मी दुभाष्याचं काम करायचे, म्हणजे आपल्या इंजिनियरांनी जे सांगितलं नाही ते जपानी साहेबांना समजावायचं आणि साहेबांनी जे बोलायचं टाळलं ते इंजिनियरांना. २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, तरी लिफ्ट जरा जास्त हलली की मी कठडा घट्ट धरायचे. त्या दिवशी सहाव्या मजल्यावर दार उघडलं आणि साठीच्या एक उंच, रुंद बाई आत आल्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा लोकरीच्या धाग्याने घट्ट बांधलेला, मनगटात निळ्या खड्याचं जाडजूड चांदीचं कडं, पायात घरातल्या सपाता. त्यांनी माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं, दोन बोटांत चोळलं आणि डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तशा आवाजात म्हणाल्या,

"अ‍ॅक्रिलिक."

"सॉरी," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही सांगता येणार नाही. पण बाईंसमोर बहुतेक सगळे कधी ना कधी सॉरी म्हणायचे.

बाई अमेरिकेतल्या, अ‍ॅरिझोनाच्या नवाहो जमातीच्या. पिढीजात विणकर. त्यांच्या घरी विणायच्या त्या बायकाच. आई, मावश्या, आज्या, सगळ्या मागावर. तिथल्या माळरानावर एका जपानी प्रवाशाची मोटरसायकल बंद पडली. बाईंच्या भावाने ती ट्रकमध्ये टाकून घरी आणली. दुरुस्तीला चार दिवस लागले आणि लग्नाला सहा महिने. हा प्रवासी टोकियोच्या बंदरात क्रेन चालवायचा. मी बाईंना भेटले त्याच्या तीन वर्षं आधी तो गेला होता, पण त्याची भाषा त्याने मागे ठेवली होती.

त्याचं असं, की बाई जपानी शिकल्या त्या फक्त नवऱ्याकडून. जपानीत बायकांचं बोलणं वेगळं, पुरुषांचं वेगळं. बाई शुद्ध क्रेनवाल्याचं जपानी बोलत. मराठीत सांगायचं तर बाई ‘मी येते हं’ म्हणत नसत, ‘चल, निघतो मी’ म्हणत. बँकेतल्या नाजूक मुलीला त्या सांगायच्या, "ए, ते पासबुक टाक इकडे, मी बघतो." ती मुलगी घाबरून उभी राहायची. मी एकदा भीत भीत त्यांच्या कानावर घातलं, की हे बंदरावरच्या हमालासारखं वाटतं. बाई खूश झाल्या. "म्हणजे उच्चार बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

भूकंपानंतर त्यांच्या ओळखीचे सगळे परदेशी लोक आठवड्यात पसार झाले होते. बाई राहिल्या. का राहिलात, असं विचारलं तर म्हणायच्या, "मागावर काम अर्धं होतं." गॅसवर दूध आहे म्हणून कुणी थांबावं, तितक्या सहज.

आता त्या आमच्यात कशा आल्या ते सांगते. वसाहतीच्या रहिवासी मंडळाच्या फॉर्मवर ‘तुम्ही कोण’ अशा अर्थाचा एक रकाना होता. बाईंनी तिथे लिहिलं, ‘अमेरिकन इंडियन’. मंडळाचे सेक्रेटरी होरिउचि-सान. सत्तरीचे, रिटायर्ड पोस्टमास्तर, कचऱ्याच्या वर्गीकरणावर जीव ओवाळून टाकणारे. त्यांनी ‘अमेरिकन’ हा शब्द अनावश्यक ठरवला आणि बाईंना इंडियन कुटुंबांच्या यादीत टाकलं. त्यामुळे दिवाळीच्या कार्यक्रमाची चिठ्ठी बाईंच्या पेटीत पडली आणि बाई आल्या. हातात कापडाखाली झाकलेली परात.

परातीत तळलेल्या जाड पोळ्या होत्या. मी चूक दुरुस्त करायला गेले, "अहो, खरं म्हणजे हा कार्यक्रम आम्हा इंडियन लोकांचा—"

"हो ना," बाई म्हणाल्या, "ते नाव एका खलाशाने चुकून आम्हाला दिलं. मूळ मालक कधीतरी भेटतील म्हणून मी वाटच बघत होतो."

त्या पोळ्या अर्ध्या तासात संपल्या. पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत ‘सहाव्या मजल्याचे भटुरे’ अशी स्वतंत्र ओळ आली.

बाईंच्या घरात दोन खोल्या. एकीत बाई राहायच्या, दुसरीत माग. इथे खोली चटयांत मोजतात; सहा चटयांच्या त्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी चौकट उभी, तिच्यात ताण्याचे उभे धागे वीणेच्या तारांसारखे ताठ. भूकंपात कपाटं पडू नयेत म्हणून इथे छताला टेकवायचे लोखंडी दांडे मिळतात. बाईंनी असे आठ दांडे मागाला लावले होते. होरिउचि-सान सुरक्षेच्या तपासणीला आले, त्यांनी माग हलवून बघितला, तो हलला नाही. त्यांनी आपल्या वहीत लिहिलं, की या घरात भूकंपाच्या वेळी टेबलाखाली आश्रय न घेता यंत्राला धरून उभं राहावं.

बाईंच्या कामाला नकाशा नव्हता, कागद नव्हता, मोजमाप नव्हतं. नक्षी डोक्यात. ती कशी होणार असं विचारलं तर रागवायच्या. "सांगून टाकली तर विणू कशाला?" किती दिवस लागतील असं विचारलं तर म्हणायच्या, "लागतील तेवढे, आणि वर एक." भिंतीवर चार फ्रेम केलेले फोटो होते. मला वाटलं आईवडील, आजीआजोबा. जवळ जाऊन बघितलं तर चार मेंढ्या. बाईंची बहीण गावाकडून त्यांचीच लोकर धुऊन पार्सलने पाठवायची. एकदा ते पार्सल विमानतळावर अडकलं. अधिकाऱ्याचा फोन आला, मी दुभाषी.

"हे प्राण्याचं आहे का?"

"विचार त्याला, मग काय झाडाचं असतं?" बाई म्हणाल्या.

"नीट धुतलेलं आहे का?"

"माझ्यापेक्षा जास्त वेळा."

मी पलीकडे सांगितलं, "होय, अनेकदा धुतलेलं आहे." याला दुभाष्याचं काम म्हणतात.

माणसांचीही पारख बाई धाग्यानेच करत. माझ्या ऑफिसातल्या साहेबांना एकदा रस्त्यात बघून म्हणाल्या, "पीळ जास्त झालाय. ढील दिली की गाठ पडणार." माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "सूत चांगलं आहे. पीळ कमी." नवऱ्याने ते दोन दिवस मनाला लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो कारण नसताना माझ्याशी भांडला आणि म्हणाला, "बघ आता."

बाई रंगही स्वतः करत. काळा आणि पांढरा मेंढीचाच. तांबूस रंग अक्रोडाच्या टरफलांचा. आणि पिवळा कांद्याच्या सालींचा. म्हणूनच इंडियन कुटुंबांच्या यादीतून आपलं नाव काढू नये, असं त्यांनी होरिउचि-सानांना बजावलं होतं. सकाळी उठून कांदा चिरणारी तेवीस घरं एका वसाहतीत, असं भाग्य अ‍ॅरिझोनात कुठलं! बाईंनी प्रत्येक घराला एक कापडी पिशवी दिली. दर शनिवारी त्या मजले फिरून साली गोळा करायच्या. होरिउचि-सान इतके अस्वस्थ झाले, की त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या लोकांच्या कचऱ्यात गेले चार महिने कांद्याची साल दिसत नाही. काही अडचण आहे का? लपवून ठेवत नाहीत ना?"

मग तो उन्हाळा आला.

कोबेच्या एका गॅलरीत नोव्हेंबरमध्ये हातमागाच्या कापडांचं प्रदर्शन होतं आणि गॅलरीच्या बाईंनी आमच्या बाईंकडे एक मोठं काम मागितलं होतं. दारापेक्षा थोडं मोठं. जपानात आल्यापासून एवढं मोठं काम बाईंनी केलं नव्हतं. नवरा आजारी असताना आणि नंतर त्या लहान लहान चौकोन विणून दुकानांना द्यायच्या. हे काम झालं तर लोक आपल्याला विणकर म्हणून ओळखतील, नाहीतर उशांच्या खोळीवाली म्हणून, असं त्या एकदा म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं गंभीर वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

जुलैत काम अर्ध्यावर आलं. मधोमध पिवळे चौकडे. आणि साली यायच्या थांबल्या.

झालं होतं असं, की त्या वर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्या इमारतीत चार सासवा आल्या होत्या. त्यातल्या एक माझ्या. आषाढी एकादशी झाली, चातुर्मास सुरू झाला आणि चारही घरांतून कांदालसूण हद्दपार झाला. चार घरांचं बघून बाकीच्यांनाही अचानक धर्म आठवला. माझा नवरा स्टेशनवरच्या दुकानात करी-राइस खाऊन यायचा आणि घरात शिरण्यापूर्वी पुदिन्याची गोळी चघळायचा. पण त्या दुकानाच्या सालींचा बाईंना काय उपयोग? सुपरमार्केटच्या मॅनेजरला विचारून बघितलं. त्याने अकरा वेळा वाकून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकांना त्रास नको म्हणून सगळ्या कांद्यांच्या सुट्या साली काढून टाकून दिल्या.

शनिवारी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात रिकामी पिशवी आणि वीतभर पिवळा धागा.

"तुझ्या सासूला सांग," त्या म्हणाल्या, "तिच्या देवाने माझा रंग बंद केलाय."

माझ्या सासूबाई पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण-विणकाम शिकवून रिटायर झालेल्या. समोरच्याने काही केलं, की त्याची मागची बाजू बघायची हा त्यांचा स्वभाव. रुमालावरचं भरतकाम असो की सुनेचं बोलणं. मी त्यांना सांगितलं, "आई, या विणकाम करतात, त्यांना कांद्याच्या साली हव्यात."

"विणकाम? मग सुया कुठे आहेत यांच्या?"

"सुया नाहीत, आई. मागावर."

"म्हणजे घोंगडी," सासूबाई म्हणाल्या. "चल, बघू या."

आम्ही तिघी सहाव्या मजल्यावर गेलो. सासूबाई मागासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा बदलला. मग अपेक्षेप्रमाणे त्या मागाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला शिरल्या, पोट आत घेऊन. बराच वेळ त्या बाहेरच आल्या नाहीत. नंतर आवाज आला.

"अगं, मागची बाजू कुठली?"

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "दोन्ही पुढच्याच."

सासूबाई बाहेर आल्या. खांद्याला लोकरीचे तंतू लागलेले. "तीस वर्षं मी पोरींना सांगत होते, मागून गाठ दिसता कामा नये," त्या म्हणाल्या. "एकीलाही जमलं नाही. मलासुद्धा नाही. हिला सांग, मी उद्यापासून कांदे सोलायला घेते."

"पण आई, चातुर्मास?"

"खाणं वर्ज्य आहे. सोलणं कुठे लिहिलंय?"

मी हे बाईंना सांगितलं. बाईंनी सासूबाईंचा हात हातात घेतला, त्यांच्या पातळाचा पदर चोळून बघितला आणि म्हणाल्या, "सुती. उत्तम." सासूबाईंना ते न सांगता कळलं.

हिशेब साधा होता: साली हव्यात तर निदान तीस किलो कांदे सोलायला हवेत, आणि सगळा रंग एकाच वेळी काढायला हवा, नाहीतर दोन पिवळे जुळणार नाहीत. पण सोललेल्या तीस किलो कांद्यांचं करायचं काय? अन्न टाकायचं नाही, हे चारही सासवांनी एकमुखाने सांगितलं. उत्तर होरिउचि-सानांकडे मिळालं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी वसाहतीत भूकंपाची कवायत असते: भोंगा वाजतो, सगळे खाली मैदानात जमतात, डोकी मोजतात, आणि संकटकाळासाठी ठेवलेल्या मोठ्या शेगड्या पेटवून सर्वांना गरम काहीतरी खायला देतात. दरवर्षी सूप असायचं. या वर्षी इंडियन कुटुंबांनी कांदाभजी द्यावी, असं ठरलं. शिवाय बाईंना रंगासाठी एक जुनं, पोचे आलेलं पातेलं आणि एक शेगडी मिळाली. होरिउचि-सानांनी फॉर्म भरला. ‘निर्माण होणारा कचरा’ या रकान्यात ‘शून्य’ लिहिताना त्यांनी मुद्दाम नवं पेन काढलं. चाळीस वर्षांच्या वसाहतीच्या इतिहासात तो आकडा कुणी लिहिला नव्हता.

शनिवारी आमच्या बाल्कनीत चार सासवांनी तीस किलो कांदे सोलले. चौघी रडत होत्या आणि आपापल्या सुनांबद्दल बोलत होत्या. खालच्या मजल्यांवरच्या जपानी आजींना वाटलं, कुणीतरी गेलं. त्यातल्या एकीने पांढरी फुलंही आणून दिली.

रविवारी भोंगा वाजला. अडीचशे माणसं मैदानात आली. एका टोकाला सासूबाईंची कढई. चव घ्यायची सोय नव्हती, म्हणून त्या प्रत्येक घाण्यातलं पहिलं भजं होरिउचि-सानांना द्यायच्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून बघायच्या. होरिउचि-सान डोळे मिटायचे, मान हलवायचे. तिखट कमी करायला त्यांनी अजिबात हरकत घेतली नसती, पण सासूबाई ज्या नजरेने बघत होत्या, त्यात त्यांची हिंमत झाली नाही. घामाघूम होऊन ते दर वेळी म्हणायचे, "ओइशी." सासूबाईंनी मला विचारलं, "हे काय म्हणतात?" मी म्हणाले, "छान." सासूबाई म्हणाल्या, "मग रडतात का?"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बाईंचं पातेलं. त्यात साली, वांग्याच्या लोणच्यासाठी इथल्या दुकानात मिळते ती तुरटी आणि सहा मोठ्या लडी लोकर. पाणी सोनेरी झालं होतं, वाफा येत होत्या, कांद्याचा वास सुटला होता. बाई वल्ह्यासारख्या काठीने ढवळत होत्या. मी भज्यांच्या रांगेकडे बघत होते. मागे वळून बघते तो बाईंच्या पातेल्यासमोरही रांग. पन्नासेक माणसं. प्रत्येकाच्या हातात वाडगा आणि चॉपस्टिक्स. अगदी शिस्तीत, एकामागे एक.

"बाई," मी धावत जाऊन म्हणाले, "यांना हे सूप वाटतंय!"

"मला वाटलं, बघायला आलेत," बाई म्हणाल्या. "मी म्हणालो, काय शिस्तीने बघतात."

रांगेत पहिल्या होत्या एक नव्वदीच्या आजी. त्यांनी वाडगा पुढे केला. बाईंनी काय चाललंय ते दाखवावं म्हणून काठीने एक लडी वर उचलली: लांबच लांब, पिवळीधमक, गळणारी, वाफाळलेली. रांगेतून ‘ओऽऽ’ असा आवाज आला. आजींनी ती लडी वरपासून खालपर्यंत बघितली, मग आपल्या वाडग्याकडे बघितलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "मला अर्धीच द्या. एवढे नूडल्स या वयात झेपत नाहीत."

पन्नास माणसांची मी माफी मागितली. पण कुणी हललं नाही. लडी एकामागून एक बाहेर येत होत्या, मैदानातल्या मुलांच्या झोपाळ्याच्या दांड्यावर बाई त्या वाळत टाकत होत्या आणि रांग जागच्या जागी उभी राहून बघत होती. शेवटची लडी टांगली तेव्हा त्या आजींनी वाडगा काखेत धरून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. सासूबाईंनी कढईमागून झारा वर केला.

पिवळा जुळला. सासूबाई ऑक्टोबरात पुण्याला परतल्या, जाताना बाईंनी त्यांना एक फणी दिली, ताण्यात धागा ठोकून बसवायची लाकडी फणी. ती आता पुण्यात देवघरापाशी आहे आणि कुणी हात लावलेला सासूबाईंना चालत नाही.

नोव्हेंबरमध्ये मी सुट्टी काढली आणि आम्ही दोघी कोबेला गेलो. काम भिंतीवर टांगलं, दिवे लागले. बाईंनी ते पहिल्यांदाच लांबून बघितलं. घरी सहा चटयांच्या खोलीत लांब जायला जागाच नव्हती. त्या म्हणाल्या, "सरळ आहे." एवढंच. मग स्वच्छतागृहात जाऊन पंधरा मिनिटांनी आल्या, तोंड धुऊन.

दुपारी एक गृहस्थ आले. नीटनेटका सूट, सोनेरी काडीचा चष्मा, वय सत्तरच्या आसपास. रिटायर्ड दातांचे डॉक्टर. अ‍ॅरिझोनाला तीनदा जाऊन आले होते आणि टोकियोत दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी आठ जणांसाठी नवाहो विणकामाचा वर्ग चालवत होते. त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं: मी साडीत, शेजारी बाई. "तुम्ही इंडियाहून आलात का?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "यादीत तसंच आहे."

डॉक्टरांना तेवढं पुरलं. त्यांनी पाऊण तास आम्हाला बाईंचंच काम समजावून सांगितलं. उभा माग का, धागा मांडीवर कसा कातायचा, किनारीतून एक बारीक रेघ मुद्दाम बाहेर का काढतात, म्हणजे विणणारीचं मन आत अडकून राहत नाही. माझ्या तोंडात दहा वेळा आलं, की अहो, विणणारी ही. पण बाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. त्या मान हलवून ऐकत होत्या, मधून मधून म्हणत होत्या, "असं होय."

शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला खरी गोडी दिसते. माझ्या वर्गाला या. चिकाटी असली तर पाच-सहा वर्षांत असं काहीतरी जमू शकेल."

"येतो," बाई म्हणाल्या आणि नाव नोंदवलं.

हॉटेलात जाताना मी विचारलं, "त्यांनी सांगितलं ते बरोबर होतं का?"

"बरंचसं. पण ती रेघ समजवायला माझ्या आईने चार वर्षं घेतली. याने चार मिनिटांत उरकलं."

"मग जाणार कशाला?"

"तू इथे मराठी माणसं शोधतेस ना, बोलायला?" बाई म्हणाल्या. "मला माग धरून बसलेली आठ माणसं सापडली. ती काय बोलतात त्याच्याशी मला काय करायचंय?"

काम एका संग्रहालयाने घेतलं आणि पुढे बाईंना उशांच्या खोळी विणाव्या लागल्या नाहीत. पण त्या वर्गाला जात राहिल्या, वर्षभर, शेवटच्या बाकावर. डॉक्टर दात तपासावेत तसे वाकून सगळ्यांचे धागे बघायचे, चिमट्याने गाठी सोडवायचे. बाईंच्या चौकोनाशी थांबून म्हणायचे, "प्रगती आहे." बाई घरी येऊन मला सांगायच्या, "आज पुन्हा प्रगती आहे."

वर्षाअखेरच्या वर्गाला त्यांनी मलाही नेलं. डॉक्टरांनी खोलीत अंधार करून पडद्यावर जुने फोटो दाखवले. तिसरा की चौथा फोटो. उघड्या माळावर झाडाच्या फांद्यांचा माग, त्याच्यासमोर मातीत बसलेली एक तरुण मुलगी, कॅमेऱ्याकडे अर्धवट वळलेली, कपाळाला आठी. खाली जपानीत ओळ: ‘विणकर स्त्री. नाव अज्ञात.’

बाई उठल्या. बाकांमधून चालत पुढे गेल्या, पार पडद्यापर्यंत. फोटो त्यांच्या पाठीवर पडला.

"नाव आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना कळेना. "तुम्ही... ओळखता यांना?"

बाईंनी फोटोतल्या मुलीच्या हातावर बोट ठेवलं. "ही फणी ओळखतो. मी चुकलो की हिने याच फणीने डोक्यात मारलंय. माझी मावशी आहे."

कुणी तरी दिवा लावला. मी डॉक्टरांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभराचे सगळे शनिवार एकामागून एक येऊन गेले: प्रगती आहे, प्रगती आहे, प्रगती आहे. त्यांचे कान लाल झाले. त्यांना कोबेची भिंत आठवली असावी, कारण ते खुर्चीचा हात धरून खाली बसले.

"कधी वारल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"वारल्या?" बाईंनी घड्याळात बघितलं. "तिकडे आत्ता संध्याकाळ. मेंढ्या आत घेऊन बसली असेल." आणि त्यांनी पर्समधून फोन काढून लावला. बराच वेळ घंटा वाजली. मग इतका खणखणीत आवाज आला, की बाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि टेबलावर ठेवून स्पीकर लावला. दोघी त्यांच्या भाषेत बोलल्या. आठही विद्यार्थी टेबलाभोवती जमले. बाईंनी मावशीला काहीतरी विचारलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "लिही. तीच सांगते."

फोनमधून नाव आलं. डॉक्टरांना पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. मावशी पलीकडून ओरडली, मग प्रत्येक तुकडा सुटा करून सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा. डॉक्टरांनी तो कागदावर उतरवला, मोठ्याने वाचून दाखवला. मावशीने ‘तसंच’ म्हणून मान्य केलं. मग ती पुन्हा काहीतरी बोलली, जरा चढ्या सुरात, आणि बाई पहिल्यांदाच अडखळल्या.

"काय म्हणतात त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणते, फोटो काढणारा म्हणाला होता, एक प्रत घेऊन परत येतो. ती साठ वर्षं वाट बघतेय. तो माणूस तूच का, असं विचारतेय."

डॉक्टर उभे राहिले. त्यांनी कोटाचं बटण लावलं, टाय सरळ केला, टेबलावरच्या त्या फोनसमोर पाय जुळवून कमरेत पार खाली वाकले, आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले,

"फार उशीर झाला. क्षमा करा. प्रत आजच पोस्टात टाकतो."